माजाचा महिना आणि शिंगांचा कायदा

नोव्हेंबर लागला की अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत नारिंगी जाकिटं घातलेले शिकारी दिसू लागतात. न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियातल्या मराठी घरांना हा महिना वेगळ्याच धास्तीने ठाऊक असतो: कामावरून परतताना गाडीसमोर हरीण येण्याचे प्रकार याच दिवसांत सर्वांत जास्त. दोन्हींचं मूळ एकच, ते म्हणजे माजावर आलेला पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा नर.

हे हरीण आपल्या चितळ-सांबरासारखं सारंगकुळातलं, म्हणजे दरवर्षी शिंगं गाळून नवी उगवणारं. एरवी मोठा नर दिवसाढवळ्या क्वचितच दिसतो. दिवस लहान होऊ लागले की त्याच्या अंगातलं टेस्टोस्टेरॉन चढतं, सप्टेंबरात शिंगांवरची मखमलीसारखी कातडी निघते, पुढे मान फुगते. तो खोडांवर शिंगं घासतो, खुरांनी जमीन उकरून त्यावर मुततो. मादी जेमतेम दिवस-दीड दिवस माजावर असते, त्यामुळे तिला गाठायला त्याची दिवसरात्र पळापळ. गर्भ साधारण २०० दिवसांचा, म्हणजे पाडसं जन्मतात मे-जूनमध्ये, कोवळा पाला असताना. उत्तरेत ही वेळ चुकली तर पाडसाला पुढचा हिवाळा जड जातो. दक्षिणेत एवढी सक्ती नाही. अलाबामाच्या बऱ्याच भागांत माज जानेवारीत येतो.

अशा बेभान नराला टिपणं ही अनादि काळची रीत असेल असं वाटतं. पण शिंगाळ्या नरासाठी नोव्हेंबरभर जीव टाकणं हे बरंचसं कायद्याने आणि टंचाईने घडवलेलं वेड आहे.

अठराव्या शतकात भाव होता तो शिंगांना नव्हे, कातड्याला. दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटनच्या बंदरातून हरणांची कातडी इंग्लंडला जात, तिथे त्यांच्या विजारी आणि हातमोजे होत. वसाहतींच्या सरहद्दीवर नराचं कातडं हेच चलन होतं. १७४८ मध्ये ओहायोच्या मुलखात गेलेला पेनसिल्व्हेनियाचा दूत कॉनराड वायझर याने व्हिस्कीच्या पिंपाची किंमत ५ ‘बक’ (म्हणजे नर-हरणाची कातडी) अशी सांगितल्याची नोंद आहे. अमेरिकेचा डॉलर तेव्हा जन्मायचाच होता. पुढे तोच शब्द त्याला चिकटला.

बंदीचा विचार त्याहून जुना. ऱ्होड आयलंडमधल्या पोर्ट्समथ गावाने १६४६ मध्येच १ मे ते १ नोव्हेंबर शिकार बंद केली होती. लेकुरवाळ्या माद्या वाचाव्यात म्हणून उन्हाळा वगळला आणि मोसम आपसूक माजाच्या दिवसांवर येऊन पडला. अर्थात नियम कागदावर राहिले. यादवी युद्धानंतर रेल्वे पसरली, एकामागून एक बार काढणाऱ्या बंदुका आल्या, शहरांतल्या हॉटेलांना मांस हवं होतं. एकेकाळी कोट्यवधींनी असलेली ही हरणं १९०० च्या आसपास पाचेक लाखांवर आली, असा अंदाज आहे.

मग पावलं भराभर पडली. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांची राज्याबाहेर वाहतूक हा गुन्हा ठरवला. पेनसिल्व्हेनियाने १९०६ मध्ये मिशिगनहून हरणं विकत आणली आणि १९०७ मध्ये मादी मारायला बंदीच घातली. इथे खरा सांधा बदलला. मारायचा तो फक्त शिंगवाला, आणि शिंगवाला सावधपणा विसरतो तो माजातच. बाप-आजोबांनी मुलांना शिकवलं की मादीवर बंदूक रोखणं हे पाप.

हरणं वाढली, इतकी की जंगल खाऊन उपाशी मरू लागली. विस्कॉन्सिनमध्ये वन्यजीवांचे अभ्यासक आल्डो लिओपोल्ड सांगत होते की माद्या कमी केल्याशिवाय गत्यंतर नाही. १९४३ मध्ये तशी परवानगी मिळाली आणि जवळपास १ लाख २८ हजार हरणं मारली गेली. लोक इतके खवळले की तो मोसम ‘त्रेचाळीसचा गुन्हा’ म्हणूनच बोलला जातो. लिओपोल्ड चूक नव्हते, असं माझं मत. पण पापपुण्याशी आकडेवारीने भांडता येत नाही.

शिंगांचं वेड किती हळू पिकलं हे जेम्स जॉर्डनच्या गोष्टीवरून कळतं. नोव्हेंबर १९१४ मध्ये विस्कॉन्सिनच्या डॅनबरीजवळ त्याने एक प्रचंड नर मारला आणि डोकं पेंढा भरायला दिलं. कारागीर गाव सोडून गेला, डोकंही गेलं. कित्येक वर्षांनी ते मिनेसोटात जुन्या सामानाच्या विक्रीत ३ डॉलरला खपलं. शिकारीचे विक्रम नोंदवणाऱ्या बून अँड क्रॉकेट क्लबच्या मोजणीत, म्हणजे शिंगांची लांबी, घेर आणि फांद्यांच्या इंचांतल्या बेरजेत, ते २०६ च्या वर भरलं आणि विक्रम ठरलं. जॉर्डनचं नाव विक्रमाला लागलं १९७८ च्या अखेरीस. तो त्याआधी दोनच महिने वारला होता. तो विक्रम मोडला २३ नोव्हेंबर १९९३ ला, कॅनडातल्या सस्कॅचवानमध्ये.

आज माजाचा खरा लाभ बऱ्याच ठिकाणी धनुष्यवाल्यांना मिळतो. विस्कॉन्सिनने १९३४ मध्ये त्यांना वेगळा मोसम दिला, आणि साठच्या दशकात कप्प्या (पुली) लावलेलं कंपाउंड धनुष्य निघाल्यावर ही हौस कुणालाही झेपू लागली. मिशिगनमध्ये बंदुकीचा मोसम अजून १५ नोव्हेंबरलाच उघडतो. पेनसिल्व्हेनियात मात्र तो थँक्सगिव्हिंगनंतर, म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणानंतर. पूर्वी तो सोमवारी उघडायचा आणि कित्येक शाळा त्या दिवशी सुट्टी द्यायच्या. २०१९ पासून शनिवार झाला, त्यावरही कुरकुर झालीच. तोवर माजाचा भर ओसरलेला असतो आणि बंदुकीसमोर येतो तो बहुधा पाव वजन घालवून बसलेला, दमलेला नर.