फोनचं कुलूप वेगळं, सिमचं वेगळं

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत, घोडे बघताना मामांच्या खिशातून मोबाईल गेला. आम्ही घाबरलो, पण मामा निवांत. म्हणे, "मना फोनले लॉक शे ना, मंग काय चिंता?" रात्री मामांच्याच व्हॉट्सअॅपवरून मामीला पैशांची मागणी आली. तेव्हा कुठे चिंता सुरू झाली.

मामांचं कुलूप पक्कंच होतं. चोरानं ते उघडलंही नव्हतं. त्यानं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं, एवढंच.

आपण पॅटर्न, आकडे किंवा बोटाचा ठसा लावतो, तो स्क्रीन लॉक. तो राखतो फोनमधलं सामान: फोटो, मेसेज, अॅप. सिम बाहेर काढलं की त्याच्याशी या लॉकचा काही संबंध उरत नाही. सिम पिन, म्हणजे सिमचं स्वतःचं आकडी कुलूप, मात्र चिपमध्येच बसलेला असतो. सिम कुठल्याही फोनात घाला किंवा फोन बंद करून चालू करा, तो मागितला जातो, आणि तोवर त्या नंबरवर नेटवर्क येत नाही. एरवी चालू फोनवर तो दिवसभर गप्प असतो, म्हणून फोनमधलं सामान राखणं त्याला जमत नाही. दोन्ही लावावे लागतात.

नंबर हातात आला की ओटीपी हातात येतो. व्हॉट्सअॅप दुसऱ्या फोनवर उघडायला तोच लागतो (त्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावला असेल तर गाडी तिथे अडते, मामांनी लावला नव्हता). बँकेचं काम नुसत्या ओटीपीवर होत नाही. पण आपल्याकडे एटीएम कार्ड मोबाईलच्या कव्हरमागे खोचायची एक भारी सवय आहे. यूपीआय पिन नव्यानं ठरवताना बहुधा कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीची तारीख आणि ओटीपी लागतो. म्हणजे आपणच सगळं एका पुडीत बांधून देतो. आणखी एक: लॉक असलेल्या पडद्यावरही मेसेज दिसत असेल तर ओटीपी वाचायला लॉक उघडावं लागत नाही. सेटिंगमध्ये जाऊन तो मजकूर झाका.

फोन गेल्यावरही फोन आणि सिमचा हाच घोळ होतो. आयएमईआय हा हँडसेटचा १५ आकडी नंबर. *#०६# दाबलं की दिसतो, आजच लिहून ठेवा. संचार साथी या सरकारी पोर्टलवर तो ब्लॉक केला की हँडसेट देशातल्या कुठल्याही नेटवर्कवर चालत नाही, सिम मात्र बंद होत नाही. सिम बंद करायला कंपनीलाच फोन करावा लागतो, आणि तो सगळ्यात आधी. मग पोलिसांत तक्रार आणि त्याच नंबरचं नवं सिम, कारण संचार साथीच्या अर्जाला दोन्ही लागतात. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन.

सिम पिन सेटिंगमध्ये सुरक्षा किंवा सिम लॉक अशा नावाखाली सापडतो. चालू करताना आधी कंपनीनं ठरवलेला पिन मागतात. तो विचारून घ्या, अंदाजानं आकडे मारू नका. तीनदा चुकलं की सिम अडकतं आणि ते सोडवायला कंपनीकडचा आठ आकडी कोड, म्हणजे पीयूके लागतो. तोही दहा वेळा चुकला तर सिम कायमचं गेलं. मामांनी नव्या सिमवर पहिल्याच दिवशी तीनदा चुकवलं. पीयूके आता घरातल्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर, दूधवाल्याच्या हिशेबाखाली लिहिलेला आहे.