पुलाची जागा आधी पक्की करा, मग मोजणीला बोलवा

नदी-ओढ्यावर पूल बांधू इच्छिणाऱ्या ग्रामपंचायती, शिक्षणसंस्था, गृहनिर्माण संस्था आणि बागायतदारांसाठी

आम्ही पुलाच्या जागेची मोजणी करतो आणि परवानगीची फाईल तयार करून देतो. दिवाळी झाली की आमच्या कार्यालयात फोन सुरू होतात. "दोन्ही काठांची जमीन आमचीच आहे, मग परवानगी कशाला?" हा पहिला प्रश्न ठरलेला. काठ तुमचे असले तरी पात्र तुमचं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, नाले आणि त्यांची पात्रं ही शासनाची मालमत्ता. म्हणून पूल खासगी असला तरी जलसंपदा विभागाचं ना-हरकत पत्र घ्यावं लागतं. पूररेषा आखलेली नदी असेल तर निळी रेषा (२५ वर्षांतून एकदा येणारा पूर) आणि लाल रेषा (१०० वर्षांतून एकदा येणारा) दोन्ही नकाशावर दाखवाव्या लागतात. खाडी असेल तर सीआरझेड (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम) आणि खारफुटीचा विषय वेगळा निघतो. त्याबद्दल कार्यालयात येऊन बोला.

दुसरा प्रश्न वेळेचा. "महाडचा सावित्रीचा पूल १६५ दिवसांत झाला, मग आमच्या एवढ्याशा पुलाला इतका वेळ का?" ते १६५ दिवस प्रत्यक्ष बांधकामाचे. जुना पूल वाहून गेला २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री आणि नव्याचं उद्घाटन झालं ५ जून २०१७ ला, म्हणजे मध्ये दहा महिने गेले. तेही राष्ट्रीय महामार्गाचं काम, सगळी सरकारी यंत्रणा मागे उभी असताना.

तुमची फाईल मात्र बहुतेक वेळा खात्यात अडकत नाही. ती अडकते जागा हलवल्यामुळे. मोजणी होते, पात्राचे आडवे छेद (काठापासून काठापर्यंतच्या खोलीचे नकाशे) काढून होतात, नकाशे दाखल होतात आणि मग निरोप येतो: "पलीकडचे भाऊबंद पोचमार्गाला जमीन द्यायला तयार नाहीत, पूल जरा खालच्या अंगाला घेऊ." या एका वाक्यानं अख्खा हंगाम जातो, कारण ना-हरकत पत्र त्या नदीसाठी नसतं, नकाशात दाखवलेल्या त्या जागेसाठी असतं.

थोडं सरकवल्यानं काय बिघडतं, ते आकड्यांत पाहा. समजा, मूळ जागेला पाणलोट क्षेत्र ११ चौरस किलोमीटर आहे. सह्याद्रीच्या बाजूच्या नद्यांना लावतात त्या इंग्लिस सूत्रानं पुराचा विसर्ग येतो सेकंदाला सुमारे २९५ घनमीटर. आता खाली सरकताना मध्ये एखादा ओढा येऊन मिळाला आणि क्षेत्र १२ चौरस किलोमीटर झालं, की विसर्ग जातो ३१४ वर. रस्ते-पुलांचे मानक ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमानं ३०० पर्यंतच्या विसर्गाला पुराची पातळी आणि पुलाचा तळ यांत ९०० मिलिमीटर मोकळी जागा लागते, ३०० च्या वर गेलं की १२०० मिलिमीटर. म्हणजे पूल एक फूट उंच झाला. एकास तीस चढ धरला तर दोन्ही बाजूंचा पोचमार्ग नऊ-नऊ मीटरनं लांबला. तेवढी जमीन पुन्हा लागली आणि खर्च वाढला तो वेगळाच.

म्हणूनच दोन्ही तीरांचे सातबारे आणि पोचमार्गात येणाऱ्या प्रत्येक खातेदाराचं लेखी संमतीपत्र हातात आल्याशिवाय आम्ही यंत्र लावत नाही. काहींना हा आमचा हट्ट वाटतो. "तुम्ही मोजून घ्या, संमती मागाहून देतो," असं सांगतात. पण दुसऱ्यांदा मोजणी करायची तर पैसे तुम्हालाच भरावे लागतात, आणि ते घेताना आम्हालाही बरं वाटत नाही.

पूरपातळीही आम्ही एकाच्या सांगण्यावरून धरत नाही. देवळाच्या भिंतीवरचा मळकट पट्टा, बाभळीच्या फांदीत अडकून राहिलेला पाचोळा, जुन्या घराच्या जोत्यावर केलेली खूण, या सगळ्यांची पातळी बेंचमार्कवरून (उंची माहीत असलेल्या पक्क्या खुणेवरून) आणून ताडून बघतो. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले आहेत अशा दोन-तीन जाणत्या माणसांना त्या दिवशी थांबायला सांगा. याला अर्धा दिवस जास्त जातो, पण खात्याकडून पूरपातळीवर शेरा मारून फाईल परत येण्यापेक्षा तो परवडतो.

पायाचं काम साधारण नोव्हेंबर ते मे या काळातच होतं. पात्रात टाकलेला भराव आणि वळवलेलं पाणी पावसाळ्याआधी पूर्ववत करावं लागतं. त्यामुळे डिसेंबरात आलेला अर्ज बहुधा पुढच्या हंगामावर जातो. पत्र हाती आलं की त्यातली मुदत आणि अटी ठेकेदारालाही वाचायला द्या. काम रेंगाळणार असं दिसलं तर मुदतवाढीचा अर्ज मुदत संपायच्या आत गेला पाहिजे. आमच्यामार्फत झालेल्या फायलींची मुदत आम्ही नोंदवून ठेवतो आणि आधी कळवतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

पुढच्या हंगामात पूल हवा असेल तर याच पावसाळ्यात या. पाणी चढलेलं असताना खुणा करून ठेवल्या की पाणी ओसरताच मोजणी लागते. येताना सातबारे, गटनकाशा, संमतीपत्रं आणि ग्रामपंचायत किंवा संस्थेचा ठराव आणा. जागा नक्की ठरत नसेल तर मोजणीआधी एकदा नुसती पाहणी करून दोन-तीन जागांतली कोणती सोयीची ते सांगतो. पाहणीचं शुल्क पुढे मोजणीच्या बिलातून वजा होतं.