पासवर्ड चुकतो तेव्हा सर्व्हर काय लिहून ठेवतो

कळंगुटच्या एखाद्या हॉटेलात ऐन सीझनच्या गर्दीत बुकिंगचा सर्व्हर आत घेत नाही आणि पडद्यावर 'लॉगिन फेल्ड' एवढंच उमटतं. युजरनेम चुकलं की पासवर्ड, ते कळत नाही. काउंटरवरचा माणूस वैतागतो, पण हे मौन मुद्दाम पाळलेलं असतं. कारण सांगितलं तर अमुक नावाचं खातं आहे की नाही, हे चोरालाही फुकटात कळेल.

खरं कारण सर्व्हर स्वतःपाशी लिहितो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये, म्हणजे माहिती साठवणाऱ्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये, या एररचा क्रमांक १८४५६. वापरणाऱ्याला तिची 'स्टेट', म्हणजे कारण सांगणारा उपक्रमांक, १ दिसते. एरर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, मात्र ५ असेल तर तसं खातंच नाही, ८ असेल तर खातं आहे पण पासवर्ड चुकलाय. सोबत वेळ आणि आयपी पत्ता, म्हणजे समोरच्या कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसच्या लॉगमध्ये पत्ता आपोआप येत नाही, सेटिंगमध्ये मागून घ्यावा लागतो.

चुकांचा नुसता आकडा बघून घाबरू नये, त्यांची चाल बघावी. दर पाच मिनिटांनी, ऑफिसातल्याच कॉम्प्युटरवरून, एकच खातं, स्टेट ८? बहुधा आपलंच कोणीतरी. पासवर्ड बदलला, पण मागच्या खोलीतल्या जुन्या मशीनवरच्या प्रोग्रॅमला सांगायचं राहिलं. चवथीच्या सुट्टीतही तो इमानेइतबारे चुकत राहतो. बाहेरच्या पत्त्यावरून 'एसए', 'अ‍ॅडमिन', 'रूट', 'टेस्ट' अशी भराभर नावं येत असतील, तर यंत्र चाचपणी करतंय. पोर्ट १४३३, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरचं नेहमीचं दार, इंटरनेटवर उघडा टाकला की हे व्हायचंच. तुमच्या हॉटेलावर कुणी डूख धरलाय असं नाही.

याहून बेरकी हल्लेखोर एकच सोपा पासवर्ड प्रत्येक खात्यावर एकेकदा लावून बघतात. कुठलंच खातं लॉक होत नाही, म्हणून चुका पत्त्यानुसारही मोजायच्या. ओरॅकल या डेटाबेसमध्ये मूळ सेटिंगनुसार १० चुकांनंतर खातं लॉक होतं. उपाय चांगला, पण मुद्दाम १० चुका करून कुणीही मालकालाच बाहेर ठेवू शकतो!

घाईत पासवर्ड युजरनेमच्या रकान्यात टाइप झाला, तर तोही लॉगमध्ये जसाच्या तसा उतरतो. लॉग वाचायची परवानगी मोजक्यांनाच द्यावी, ती यासाठी.

आणखी एक खोच आहे. एसक्यूएल सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये फक्त फसलेले लॉगिन नोंदवतो, यशस्वी नाही. शेकडो चुका होऊन ओळी अचानक थांबल्या, तर समोरचा कंटाळून गेला की आत शिरला, हे त्या फाइलवरून ठरत नाही. दोन्ही नोंदी चालू ठेवल्या तर फाइल फुगते, पण डिस्कवरची तेवढी जागा खर्च करणं परवडतं.