प्रेशर वेगळं अन् वेग वेगळा, मोठ्या काडतुसातला हा घोळ आता तरी सोडा

दोन-चार बंदुकीचे शौकीन चहाला बसले की हे वाक्य आलंच, "ते काडतूस लई जोरदार, प्रेशर बघा की किती हाय." अरे पण प्रेशर जास्त म्हणजे गोळीला वेग जास्त, हे कुणी सांगितलं तुम्हाला?

वेग सगळ्यांना कळतो, नळीतून सुटताना गोळी सेकंदाला किती फूट जाते ते, त्यावर वेळ घालवत नाही. प्रेशर म्हणजे बारूद जळून आत जो गॅस होतो, त्याचा दाब.

.416 रिग्बी हे काडतूस घ्या, 1911 चं, इंग्रजांचं. शेजारी .416 रेमिंग्टन मॅग्नम ठेवा, 1988 चं, अमेरिकेचं. दोन्हीत 400 ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी, दोन्हीचा वेग 2400 फुटांच्या आसपास, म्हणजे समोरच्या जनावराला दोन्ही सारखेच. पण सीआयपी, म्हणजे काडतुसांचे नियम ठरवणारी युरोपातली संस्था, तिच्या नियमात प्रेशरची कमाल मर्यादा रिग्बीला 3250 बार आणि रेमिंग्टनला 4300. आपण ड्रिपला एक केजी प्रेशर धरतो ते साधारण 1 बार, त्यावरून बघा.

मग वेग सारखा कसा? उसानं भरलेली ट्रॉली फडातून काढताना क्लच झटक्यात सोडला की हुकाची पिन वाकते, कधी मोडते. तीच ट्रॉली दमानं पण सतत ओढत आणली तर बांधापाशी तेवढ्याच स्पीडनं येते अन् पिन शाबूत राहते. काडतुसाचा प्रेशरचा आकडा म्हणजे पिनला बसलेला सगळ्यात मोठा हिसका, आणि वेग म्हणजे बांधापाशीची स्पीड, जी पूर्ण वाटेवरच्या ओढीतून येते. बंदुकीत तो हिसका गोळी नळीत थोडीच सरकली असताना बसतो, पुढं प्रेशर उतरत जातं. रिग्बीची केस, म्हणजे बारूद भरायचं पितळी कवच, मोठी, बारूद जास्त मावते, म्हणून हिसका कमी ठेवूनही नळीभर रेटा देता येतो. रेमिंग्टनच्या लहान केसला तोच वेग काढायला मोठा हिसका लागतो. फायदा एवढाच की ते साध्या, स्वस्त रायफलीत बसतं.

इंग्रजांनी केस मोठी ठेवली त्याला कारण ऊन. त्यांची कॉर्डाइट बारूद तापली की प्रेशर चढायचं, केस चेंबरला, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेला, चिकटायची, अन् समोरून जनावर येत असताना बोल्ट, म्हणजे काडतूस आत-बाहेर करायचा दांडा, उघडेना. परभणीचा मे महिना आठवा म्हणजे कळेल. आपल्याकडं शिकार 1972 च्या कायद्यानं बंद झाली, पण काडतुसाचं गणित बदलत नाही. मला विचाराल तर रिग्बीच, डोळे झाकून.

अन् एका गोष्टीची मला खरंच चीड येते. "रिग्बीत जागा हाय ना, मग भरा अजून बारूद, बोल्ट अडकला की थांबू" म्हणणारे लोक. वरच्या टोकाला वेग चिमूटभर वाढतो अन् प्रेशर भसाभस चढतं. बोल्ट जड लागायला लागतो तोवर रिग्बीची 3250 ची मर्यादा कधीच मागं पडलेली असते, आणि शंभर वर्षांची जुनी रायफल तेवढ्या हिशोबानंच बनवलेली असते.