आई-वडिलांना शुगर आहे, मग मलाही होणारच का?

रक्त द्यायला हात पुढे करता करता हा प्रश्न आमच्या लॅबमध्ये रोज कुणीतरी विचारतं. सुई टोचेपर्यंतच्या वेळात नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

टाइप २ मधुमेहाचा असा एकच जीन नसतो. धोका थोडा थोडा वाढवणारे शेकडो बारीक बदल असतात आणि ते आई-वडिलांकडून आपल्याकडे येतात. पण घरातून नुसते जीन येत नाहीत, जेवणाचं ताट आणि बसण्या-उठण्याच्या सवयीही येतात. पिमा आदिवासींचंच पाहा. काही मेक्सिकोच्या डोंगरात शेतीत राबतात, काही अमेरिकेतल्या ॲरिझोनात राहतात. मूळ एकच. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डोंगरातल्यांपैकी सुमारे ७ टक्के प्रौढांना मधुमेह होता, ॲरिझोनात ३८ टक्के!

आपल्या पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांच्या अंगावर स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. म्हणजे परिस्थितीचा परिणाम आईच्या पोटातच सुरू होतो.

म्हणूनच ‘मी तर बारीक आहे’ यावर विसंबू नका. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, अशी माणसं आम्ही रोज पाहतो. श्वास सोडून कमरेला टेप लावा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० च्या वर घेर असेल, तर तपासणी लांबवू नका.

महागडी जीन टेस्ट करू का, असंही विचारतात. सरसकट सगळ्यांना आम्ही ती सुचवत नाही. घरचा इतिहास आणि टेप बरंच सांगून जातात. मात्र घरात पिढ्यान् पिढ्या पंचविशीच्या आतच मधुमेह निघत असेल, तर डॉक्टरांशी जरूर बोला. तो प्रकार वेगळा असू शकतो.

एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, ५.७ ते ६.४ टक्के आली, तर ती मधुमेहाच्या आधीची पायरी. इथे वजन उतरवून आणि रोज चालून बऱ्याच जणांना मधुमेह लांबवता येतो, टाळताही येतो. आई-वडिलांना शुगर असेल किंवा गरोदरपणात तुमची वाढली असेल, तर तिशीनंतर दरवर्षी तपासा.

फास्टिंगसाठी आठ तास पोटात काही नको, बिनसाखरेचा चहासुद्धा नाही, पाणी चालेल. येताना आई-वडिलांना शुगर कितव्या वर्षी निघाली, ते घरी विचारून या. आम्ही ते फॉर्मवर लिहून घेतो.