कोयना-चांदोलीच्या जंगलातला मुक्काम: आज जे आहे ते असं का आहे

सातारा, कराड किंवा शिराळ्याकडच्या जंगलवेड्या माणसाला बाहेरगावच्या मित्रांचा एक प्रश्न हमखास येतो: "तुमच्याकडे व्याघ्र प्रकल्प आहे म्हणे, दोन रात्री आत राहायची सोय होईल का?" विचारणारा नुकताच ताडोब्याहून आलेला असतो. पहाटेचं गेट, उघडी जिप्सी, पाणवठ्यावर पहुडलेली वाघीण, हे सगळं त्याच्या डोळ्यासमोर असतं. कोयना आणि चांदोलीची जंगलं मिळून झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात, म्हणजे सगळ्यात आतल्या राखीव भागात, पर्यटकाला मुक्काम करता येत नाही, वाघ दिसण्याची शक्यता तर जवळपास नाहीच, हे ऐकल्यावर तो हिरमुसतो आणि वन खात्याच्या नावाने बोटं मोडतो. थोडी बोटं मोडायला माझी हरकत नाही. पण या जंगलात आजवर कोण राहिलं, कुणाला उठवलं आणि कशासाठी, हे पाहिलं तर ही बंदी एका फतव्यातून आलेली नाही हे लक्षात येतं.

शंभर-दीडशे वर्षांपूर्वी हा मुलूख निर्मनुष्य नव्हता. जावळीच्या खोऱ्यात आणि कोयना-वारणेच्या उगमाकडे लहान लहान वाड्या होत्या, माथ्यावर गवळी धनगरांचे वाडे होते. उतारावर जंगल तोडून, राब जाळून नाचणी-वरी पिकवायची आणि दोन-तीन वर्षांनी जागा बदलायची, ही कुमरी शेतीची रीत होती. किल्ल्यांवर शिबंदी होती. वासोटा, ज्याला व्याघ्रगडही म्हणतात, हा त्यातला सगळ्यात आडवाटेचा. म्हणूनच तो तुरुंग म्हणून वापरला गेला. राजापूरच्या वखारीवर १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी छापा घातला, तेव्हा पकडलेल्या इंग्रजांपैकी काहींना वासोट्यावर ठेवलं होतं. आजच्या प्रकल्पाच्या हद्दीत सक्तीचा मुक्काम घडलेले हे पहिले परदेशी पाहुणे म्हणायला हरकत नाही! पुढे १८१८ मध्ये पेशवाई बुडताना इंग्रजांनी तोफा लावून हा गड घेतला आणि तिथली वस्ती हळूहळू संपली.

१८४८ मध्ये सातारचं राज्य खालसा झालं. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या, कुमरीवर बंधनं आली. जंगलात राहणं हा तोवर वहिवाटीचा भाग होता, आता तो सरकारच्या परवानगीचा विषय झाला. जंगलातल्या विश्रामगृहांची परंपराही याच काळातली. ती बांधली गेली फिरतीवरच्या साहेबासाठी, झाडांची मोजदाद करायला आणि जमलं तर बंदूक चालवायला. आज आपण 'फॉरेस्ट रेस्ट हाऊसचं बुकिंग' म्हणून ज्यासाठी धडपडतो त्या सोयीचं मूळ तिथे आहे. वन्यजीवप्रेमी तिथे पोहोचला तो फार उशिरा, शिकार बंद झाल्यावर. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आणि व्याघ्र प्रकल्प ही केंद्राची योजना १ एप्रिल १९७३ ची. पहिल्या नऊ प्रकल्पांत महाराष्ट्रातून मेळघाट होता. सह्याद्रीचं नाव त्या यादीत नव्हतं. इथे त्याआधीपासून वेगळाच उद्योग चालू होता.

तो उद्योग म्हणजे धरण. कोयना धरणाचं काम १९५४ ला सुरू झालं आणि १९६४ पर्यंत पूर्ण झालं. १०३ मीटर उंचीची भिंत आणि तिच्यामागे सुमारे १०५ टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) शिवसागर जलाशय. नदीकाठची सुपीक जमीन आणि गावं पाण्याखाली गेली. राज्याचा पुनर्वसन कायदा आला १९७६ मध्ये. म्हणजे कोयनेची माणसं उठली तेव्हा त्यांना मागण्यासाठी कायद्याचा कागदसुद्धा नव्हता. काही कुटुंबं लांबच्या जिल्ह्यांत गेली, काही मुंबईला माथाडीत लागली आणि काही पाण्याच्या वर, जंगलाच्या कडेला सरकून राहिली. त्यात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, सुमारे १८० माणसं दगावली. आमच्या भागात आजही म्हातारी माणसं वय सांगताना 'भूकंपाच्या आधी' आणि 'भूकंपानंतर' असं सांगतात.

जंगलाच्या बाजूने पाहिलं तर मात्र या धरणाने एक विचित्र गोष्ट केली. जलाशय जवळपास पन्नास किलोमीटर लांब पसरला आणि त्याच्या पश्चिमेचा डोंगर पूर्वेच्या रस्त्यांपासून तुटला. तिकडे जायचं तर लाँचने, नाहीतर कोकणातून घाट चढून. लाकूडतोड्याची गाडी तिथवर जाईना, बंगले बांधणाऱ्याचीही जाईना. किल्ल्याला खंदक असतो तसा या रानाला शिवसागर मिळाला. ज्या सदाहरित आणि निमसदाहरित पट्ट्याचं आज जगभर कौतुक होतं, तो शाबूत राहण्यात या पाण्याचा वाटा मोठा आहे. माणसं उठवणाऱ्या धरणानेच जंगल राखलं, हे कबूल करायला पर्यावरणवाल्यांना जड जातं. धरणवाले तेवढंच उचलून मिरवतात, तेही मला पटत नाही.

दक्षिणेला वारणेवर चांदोलीचं मातीचं धरण झालं, त्याचा जलाशय वसंतसागर. १९८५ मध्ये कोयना (४२३.५५ चौरस किलोमीटर) आणि चांदोली ही दोन अभयारण्यं जाहीर झाली. २००४ मध्ये चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान झालं, क्षेत्र ३१७.६७ चौरस किलोमीटर. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांना ते टेकतं. अभयारण्यात काही हक्क चालू ठेवता येतात, राष्ट्रीय उद्यानात चराई आणि वस्ती यांना जागा उरत नाही. त्यामुळे चांदोलीतली गावं उठली. काही घरांवर धरण आणि अभयारण्य असे दोन्ही घाव पडले. डॉ. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दल या संघटनेने या लोकांच्या जमिनींसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, ठिय्ये दिले. झोळंबीच्या सड्याकडे (डोंगरमाथ्यावरच्या कातळ पठाराकडे) जाताना मोडकी जोती, गावठाणातली आंब्या-फणसाची झाडं आणि गवताखाली गेलेली भातखाचरं दिसतात. आज तिथे गवे चरतात. पर्यटकाला हे 'सुंदर कुरण' वाटतं. ते कुणाचं तरी शिवार होतं.

जानेवारी २०१० मध्ये ही दोन्ही क्षेत्रं जोडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. मेळघाट, ताडोबा आणि पेंचनंतरचा हा राज्यातला चौथा. एकूण ११६५.५७ चौरस किलोमीटर, त्यात गाभा ६००.१२ आणि बाकीचं बफर, म्हणजे गाभ्याभोवतीचा पट्टा. कोयना अभयारण्याचा काही भाग बफरमध्ये आहे, म्हणून कागदावरच्या आणि जमिनीवरच्या हद्दी समजून घेताना भल्याभल्यांचा गोंधळ उडतो. २०१२ मध्ये पश्चिम घाट युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार ठिकाणं आहेत.

मुक्कामाचा खरा निर्णयही २०१२ मध्येच झाला, आणि तो दिल्लीत. वन्यजीव कायद्यातल्या २००६ च्या दुरुस्तीने राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आलं आणि 'गाभा' म्हणजे वाघांसाठी निर्वेध ठेवायची जागा असं ठरलं. मग प्रश्न उभा राहिला: गावकऱ्यांना तिथून उठवायचं आणि हॉटेलवाल्यांना ठेवायचं, हे कसं? २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गाभ्यातलं पर्यटनच तात्पुरतं थांबवलं. देशभर आरडाओरड झाली. ऑक्टोबरमध्ये प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि बंदी उठली. त्या सूचनांनुसार गाभ्याच्या जास्तीत जास्त २० टक्के भागात पर्यटन, नवीन बांधकाम अजिबात नाही आणि जुन्या मुक्कामाच्या सोयी टप्प्याटप्प्याने बंद. कान्हा-रणथंबोरसारख्या ठिकाणी यामुळे वर्षानुवर्षं चालत आलेला धंदा अडला. सह्याद्रीचा प्रकल्प तेव्हा दोन वर्षांचा होता आणि आत रिसॉर्ट उभेच राहिले नव्हते, त्यामुळे इथे पाडण्यासारखं फारसं काही नव्हतं. उशिरा जन्माला येण्याचा हा एक फायदा. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने कॉर्बेटच्या प्रकरणात आणखी कडक भूमिका घेतली. रात्रीचं पर्यटन बंद झालं आणि गाभ्यातल्या पर्यटन क्षेत्रात मोबाइलवरही बंदी आली. फोटोंसाठीच जंगलात जाणाऱ्यांची यात पंचाईत होणार, पण माझ्या मते हा त्या निकालातला सगळ्यात कामाचा भाग आहे.

आता वाघाचं. प्रकल्प झाला तेव्हा वाघाचा पुरावा म्हणजे पायाचे ठसे आणि विष्ठा. 'वाघ नसलेला व्याघ्र प्रकल्प' ही थट्टा आम्ही सगळ्यांनी ऐकली, काहींनी केलीही. मे २०१८ मध्ये कॅमेरा ट्रॅपमध्ये एक वाघ आला. तोच वाघ २०२० मध्ये कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पात टिपला गेला, दोनशेहून अधिक किलोमीटर दूर. त्यावरून सह्याद्री-राधानगरी-तिलारी-गोवा-काळी हा जंगलाचा सलग पट्टा अजून चालता आहे हे सिद्ध झालं. डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत आणखी एक नर दिसला आणि या वेळी तो थांबला. पुढे असे तीन नर झाले: सेनापती, सुभेदार आणि बाजी. मादी मात्र येईना. नर वाघ लांबवर भटकतो, वाघीण सहसा आईच्या मुलखाजवळ ठाण मांडते, त्यामुळे ती आपणहून येईल याची वाट किती वर्षं पाहायची हा प्रश्नच होता. केंद्राने ताडोबा आणि पेंचमधून आठ वाघ आणायला मंजुरी दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याची वाघीण चांदोलीत आली. आधी कुंपणाच्या आवारात आणि मग मोकळ्या रानात, असा तिचा प्रवेश झाला. तिचं नाव तारा.

तिच्या ताटात काय पडणार याची तजवीज आधीपासून चालू होती, आणि इथे सांगली जिल्ह्याचा एक सुखद धागा येतो. कडेगाव-पलूसकडच्या उजाड डोंगरावर धों. म. मोहित्यांनी लोकांना घेऊन झाडं लावली आणि त्यातून १९८५ मध्ये सागरेश्वर अभयारण्य झालं, जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं, कुंपणातलं. तिथे चितळ इतके वाढले की कुंपण अपुरं पडू लागलं. त्यातले चितळ चांदोलीला हलवले गेले. चितळ हा मुळात दाट सदाहरित रानातला प्राणी नाही, त्याला मोकळं गवत लागतं. ते गवत आहे कुठे? उठलेल्या गावांच्या भातखाचरांत.

राहायचं कुठे, हे या सगळ्यावरून ठरतं. उत्तरेला बामणोली आणि तापोळा, मध्ये कोयनानगर, हेळवाक, नवजा, दक्षिणेला मणदूर आणि शेडगेवाडी. दिवसा परवाना घेऊन आत, संध्याकाळी बाहेर. वासोट्याला बामणोलीहून बोटीने जाऊन उजेडात परतावं लागतं, गडावर मुक्कामाला बंदी आहे. प्लास्टिकची मोजदाद जाताना आणि येताना होते. पावसाळ्यात सगळंच बंद. नवजाचा पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात जातो, तेव्हा बंदी नसती तरी कुणी फारसं गेलं नसतं. इथे पाहायचं ते शेकरू, गवा, भेकर, सड्यावरची फुलं, नशीब असेल तर अस्वल किंवा रानकुत्र्यांचा कळप. सांबराच्या इशाऱ्यावर कान ठेवून तासभर गप्प बसता येत नसेल त्याने विदर्भात जावं, त्यात कमीपणा काही नाही.

बफरमधल्या गावांना जंगलाचा जाच सोसावा लागतो, रानडुकरं आणि गवे पीक खातात, तेव्हा पर्यटकाचा पैसा त्यांच्या घरी गेला पाहिजे. गाव समित्यांमार्फत हे व्हावं म्हणून राज्याने २०१५ मध्ये व्याघ्र प्रकल्पांच्या बफर गावांसाठी जन-वन विकास योजना आणली. गावातल्या घरात उतरलं, नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं खाल्लं, तिथल्याच पोराला वाटाड्या घेतलं, तर ही साखळी जुळते. उलट शिवसागराच्या काठाने तंबूंच्या रांगा, शेकोट्या आणि स्पीकर वाढत चाललेत. 'नवीन महाबळेश्वर' या गिरिस्थानाच्या आराखड्यात सुरुवातीलाच सातारा जिल्ह्यातली २३५ गावं धरली होती, महाबळेश्वर, जावळी, पाटण आणि सातारा तालुक्यांतली. दुसऱ्या बाजूला जावळीतलं खिरखंडी हे गाव आहे. तिथल्या मुली स्वतः होडी वल्हवत जलाशय ओलांडतात आणि पुढे जंगलातून चालत शाळा गाठतात. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली. ज्या काठावर शाळेची वाट होऊ शकली नाही, तिथे हॉटेलांसाठी रस्ते कुणाच्या जमिनीतून जाणार आणि त्या जमिनी आता कुणाच्या नावावर आहेत, हे तलाठ्याकडच्या सातबाऱ्यावर पाहायला मिळेल.