जागृती आहे, माणसं कुठे आहेत?

ग्रामसभेत हल्ली एक वाक्य हमखास कानी पडतं: लोकांत जागृतीच नाही. मग फलक लागतो, व्याख्यान होतं, चहा-भजी होतात आणि पुढच्या रविवारी गटार उपसायला तेच पाच-सहा चेहरे. माझ्या मते निदानच चुकलंय.

प्रयोगशाळेत एक खेळ खेळवतात. चौघांना प्रत्येकी 20 टोकनं. सामाईक पेटीत कुणी 1 टोकन टाकलं की चौघांनाही 0.4 मिळतं. म्हणजे गटाची कमाई 1.6, पण टाकणाऱ्याच्या पदरी 0.6चा तोटा. हिशेबी माणसाने काहीच टाकू नये. तरी पहिल्या फेरीत लोक साधारण निम्मी टोकनं टाकतात. मग फेरीगणिक आकडा घसरत जातो.

का घसरतो? फिशबाखर, गेख्टर आणि फेर या अर्थशास्त्रज्ञांनी 2001मध्ये छापलेल्या प्रयोगात लोकांना विचारलं होतं: बाकीचे सरासरी इतकी टाकणार असतील, तर तुम्ही किती? निम्मे निघाले ‘ते देतील तसं मीही’ या पंथाचे, सुमारे 30 टक्के फुकटे. पण खरी मेख पुढे आहे. हे निम्मे लोकही सरासरीपेक्षा किंचित कमीच टाकतात. बाकीच्यांचे 10, तर माझे 9. पुढच्या फेरीत सगळेच 9 बघतात नि 8 टाकतात. फुकटा एकही नसला तरी पेटी आटते!

म्हणजे प्रश्न माहितीचा कमी, दुसरा काय करतो ते दिसण्याचा जास्त. आपल्या खाजनात, म्हणजे खारं पाणी बांधाने अडवून केलेल्या शेतात, ते दिसायचं. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणदाराची, लाकडी दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडून शेतातलं जादा पाणी सोडतात. पण खेकड्याने बांधात पाडलेलं बीळ दार बुजवत नाही. तिथे वाकून चिखल थापावा लागतो, तोही उघड्यावर, चारचौघांदेखत. (राखणदार, म्हणजे गावाचा राखणा देव, बांध राखतो म्हणणाऱ्यांनी त्याला एकदा तरी बीळ बुजवताना दाखवावं.) बापामागे आलेलं पोर तिथेच शिकायचं. जर्मनीत 19व्या शतकात रुजलेलं सामाजिक शिक्षणशास्त्र याच शिकण्याला महत्त्व देतं: समूहात, समूहाचं काम करताना.

तेव्हा पंचायतीने काम छोटं घ्यावं, दिवसाउजेडी, रस्त्यालगत, दर महिन्याला, आणि पहिल्या दिवशी हमखास येणारेच बोलवावेत, कारण पहिल्या फेरीची सरासरी तेच ठरवतात. शाळेतल्या मुलांना ‘माझा गाव’वर निबंध नको, मानशीच्या आतल्या-बाहेरच्या पाण्याचा खारटपणा मोजायला द्या आणि आकडे पंचायतीच्या भिंतीवर त्यांनाच लिहू द्या.